बायडाबाईची साक्ष

१

"कमिशनर मॅडम, तुम्ही नक्की कोणाची साक्ष घेतलीत?"

न्यायाधीशांनी चष्मा काढून सरळच विचारलं आणि भरल्या कोर्टात संघप्रिया कांबळेच्या तोंडचं पाणी पळालं. वकिलीत तिला बरीच वर्षं झाली होती, वेड्यावाकड्या प्रश्नांची सवय होती. पण हा प्रश्न अगदी साधा होता आणि त्याचं उत्तर तिच्याच सहीनं कोर्टात दाखल झालेलं होतं.

दावा उचगावच्या पोवारांचा. थोरला भाऊ पिराजी, धाकटा सयाजी. दोघांचं मिळून एक रान आणि रानाच्या कडेला घर. पिराजी आजारी पडला तेव्हा व्यवहाराला सोपं जावं म्हणून सगळं सयाजीच्या नावावर चढवलं. पिराजी गेला आणि सयाजी म्हणाला, रान माझं. पिराजीची बायको बायडाबाई म्हणाली, नाव तुझं. पण अर्धं रान आणि घर माझ्या लेकीचं, असा तू शब्द दिला होतास. या एका शब्दावर दावा उभा राहिला आणि उभाच राहिला. न्यायाधीश बदलले, वकील बदलले, कोर्टाची इमारत बदलली, कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच आलं म्हणून वकिलांनी एकमेकांना पेढे भरवले. बायडाबाई तारखांना जाऊन जाऊन अंथरुणाला खिळली. तिची लेक अनुजा विधवा होऊन त्याच घरात परत आली होती. आता सयाजी तिथं प्लॉट पाडायला निघाला होता. दावा हरला तर अनुजाच्या डोक्यावरचं छप्पर जाणार होतं आणि तिला दुसरीकडे जायला जागा नव्हती.

बायडाबाईला कोर्टात आणणं शक्य नाही म्हणून कोर्टानं संघप्रियाला कमिशनर नेमलं. घरी जायचं, दोन्ही वकिलांसमोर म्हातारीची साक्ष लिहून घ्यायची, कोर्टात आणून द्यायची. तिनं ते नीट केलं होतं. आणि आज सयाजीचे वकील विश्वजित इंगवले अर्ज घेऊन उभे राहिले होते, की साक्ष दिलेली बाई ही बायडाबाई नव्हेच.

"अंगठ्याच्या तज्ज्ञाचा अहवाल यायला वर्ष जाईल," न्यायाधीश म्हणाले. "तोवर या साक्षीचं मी काय करू? तुम्ही ती बाई बघितलीय, तिचं बोलणं ऐकलंय. चौकशी करा आणि मला अहवाल द्या."

संघप्रिया "हो सर" म्हणाली. तिला भीतीपेक्षा संताप जास्त आला होता. दावा लांबवण्यात सयाजी पोवार पटाईत होता. हा त्याचाच नवा डाव, अशी तिची खात्री होती.

पण बाहेर व्हरांड्यात तिनं अनुजाला पाहिलं. अनुजाला अर्जाचं कळलं होतं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. खोटा आरोप झालेल्या माणसाला राग येतो. अनुजाच्या चेहऱ्यावर रागाचा लवलेश नव्हता.

२

साक्षीचा दिवस संघप्रियाला लख्ख आठवत होता.

खिडकी अर्धी लावलेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, उजेड सोसत नाही, असं अनुजानं सांगितलं होतं. कॉटवर म्हातारी बसलेली. डोळ्यांवर दवाखान्यात देतात तो काळा चष्मा, पदर पार भुवयांपर्यंत ओढलेला. बायडाबाईचे वकील कृष्णात वकील यांनी ओळख पटवली. आधार कार्डावरचा फोटो कोणाचाही वाटला असता, तसे ते सगळ्यांचेच असतात. सयाजी आला नव्हता. त्या घराचा उंबरा चढणार नाही, असं त्यानं भांडणाच्या दिवशी म्हटलं होतं आणि ते मात्र त्यानं पाळलं होतं. त्याच्या बाजूनं एकटे इंगवले हजर होते आणि त्यांनी बायडाबाईला कधी पाहिलेलं नव्हतं.

"नाव?"

"बायडाबाई."

"नवऱ्याचं नाव?"

"पिराजी. पिराजी पोवार."

शपथ झाली. म्हातारी सावकाश बोलत गेली, पण कुठं अडली नाही. शब्द दिल्याचा तो दिवस, घराच्या पुढच्या सोप्यात कॉटवर पडलेला आजारी माणूस, त्याच्यापुढं जोतिबाच्या गुलालाची वाटी.

"गुलालात हात घातला आणि शब्द दिला. नाव माझं, पर निम्मं रान आन् घर पोरीचं. हात थरथरला, वाटी कलंडली. सगळ्या भुईवर गुलाल. दुसऱ्या दिवशी मीच सारवलं, तरी डाग हटंना. दोनदा सारवाय लागलं."

संघप्रियाला ते ऐकताना बरं वाटलं होतं. अशी साक्ष पढवून येत नाही. डोळ्यांनी बघितलेल्या माणसालाच ती देता येते.

मग इंगवल्यांनी उलटतपासणी सुरू केली. "प्रतिवादीचं नाव सांगा."

"कागदावर हाय की."

"तुमच्या तोंडानं सांगा."

"तुमचंच अशील हाय. तुमास्नी ठावं न्हाय व्हय?"

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हातारीनं तोंड भिंतीकडं फिरवलं. इंगवले हसले. "लईच राग दिसतोय. राहू दे मॅडम, नुसतं 'प्रतिवादी' लिहा." संघप्रियानं तसं लिहिलं. ज्यानं घर लुबाडलं त्याचं नावसुद्धा तोंडात घ्यायचं नाही, हा म्हातारीचा ताठा तिला मनापासून आवडला होता.

शेवटी तिनं अंगठा घ्यायला हात हातात घेतला. राबून रापलेला हात, मनगटावर तेवढा फिकट पट्टा. ते तिनं बघितलं आणि विसरून गेली.

३

कृष्णात वकील चेंबरमध्ये गारेगार फॅनखाली बसले होते. "ओळख तुम्ही पटवलीत," संघप्रिया म्हणाली. "तुम्ही त्यांना ओळखता ना?"

"मॅडम, तुमी पण वकीलच हाय की." त्यांनी फायलीवरची धूळ उगाच झटकली. "हा दावा माझ्याकडं माझ्या सीनियरकडनं आला. म्हातारीला मी एकदा बघितलं असंल, त्याला जमाना झाला. तारखेला येऊन ती करणार काय? पोरगी म्हणाली ही आई, मी म्हणालो ही आई. स्वतःच्या आईला कोण चुकतंय?"

यात खोटं काहीच नव्हतं. हयातभर ज्या बाईचा दावा चालला, तिचं तोंड कोर्टातल्या एकाही माणसाला माहीत नव्हतं. याची संघप्रियाला लाज वाटली.

सयाजी पोवार इंगवल्यांच्या ऑफिसात भेटला. पांढराशुभ्र शर्ट, बोटात अंगठी, आवाज खणखणीत. "मॅडम, वहिनीनं मला तळहाताच्या फोडासारखं वाढवलंय. भांडण झालं तरी मला 'सया'च म्हणायची. ती मला प्रतिवादी म्हणंल? शिव्या घालंल, पर सया म्हणूनच घालंल."

"रागानं माणूस नाव टाकतो."

"आन् त्यो गुलाल? ते वाचलं आन् मी ताडकन उठलो. गुलाल सांडला तवा वहिनी घरात न्हवती. औषध आणाय कोल्हापुरात गेलती."

संघप्रियानं पेन खाली ठेवलं. "म्हणजे गुलाल सांडला होता."

इंगवले घाईनं पुढं सरकले. "मॅडम, तुम्हाला यांचा जबाब नोंदवायचा अधिकार नाही. चौकशी त्या बाईपुरती आहे."

"माहीत आहे मला. नाही नोंदवत." ती सयाजीकडंच बघत होती. "त्या वेळी घरात दुसरं कोण होतं?"

"कोण न्हाय. मी आन् दादा."

"तुमच्या घरचे?"

"पोरंबाळं न्हाईत. बायको नांदली न्हाय. वारणेला भावाकडं असती, तिकडं हास्टेलच्या पोरांच्या भाकरी थापती." त्यानं हात झटकला. "तिचा काय संबंध?"

संघप्रिया उठली. समोरचा माणूस लबाड होता आणि तरी तो जे सांगत होता ते खरं वाटत होतं. शब्द दिला होता, हे तिला आता ठाऊक झालं होतं; आणि ती साक्ष बायडाबाईची नव्हती, हेही.

४

"आई मलकापूरला मामाकडं गेलीया," अनुजानं दारातूनच सांगितलं. "हवापालट म्हणून."

"अंथरुणावरून उठत नव्हत्या ना?"

"गाडी करून नेली."

"मग मी उद्या जाऊन भेटते."

अनुजाचा हात चौकटीवर घट्ट झाला. "नगा जाऊ, ताई," ती हळूच म्हणाली. संघप्रियाला त्या क्षणी मनापासून वाटत होतं की जाऊ नये. तिनं अहवालात 'ओळख पटली' एवढं लिहिलं असतं तर कोणी फारसं खोदलं नसतं. पण कोर्टानं तिच्यावर विश्वास टाकला होता, आणि खरं ते लिहिणं, एवढा एकच धंदा तिला येत होता.

मलकापूरच्या पलीकडं, रत्नागिरी रस्त्याला लागून आत, बायडाबाईच्या भावाचं घर. आकाराम मामा अंगणात जनावरांपुढं वैरण टाकत होता. वकीलबाई म्हटल्यावर त्यानं आधी डोक्यावरची टोपी सावरली.

"या पावणं. बसा. बायडाक्का झोपलीया जरा."

"मी थांबते उठेपर्यंत."

मामानं चहा सांगितला, पावसापाण्याचं विचारलं, कोल्हापूरच्या रस्त्यांना शिव्या दिल्या. ऊन चढत गेलं. कपाळावर घामाच्या धारा लागल्या तरी मामाची टोपी कानापर्यंत ओढलेलीच. शेवटी त्यानं घाम पुसायला ती नकळत वर सरकवली आणि संघप्रियाला त्याचं डोकं दिसलं. सगळीकडे सारखेच, नुकते फुटलेले खुंट. मिशाही तशाच, आत्ता कुठं येत असलेल्या.

"मामा," ती म्हणाली, "अग्नी तुम्ही दिलात?"

म्हाताऱ्यानं टोपी हातात घेतली आणि तो तिथंच मटकन खाली बसला. "तिला ल्योक न्हाय. मग कोण देणार? आजारपणात मीच इकडं आणलं हुतं, इकडंच गेली ती, माझ्या घरात. साक्षीची आडर निघाली म्हणून अनुचा फोन आला, आन् त्याच आठवड्यात. एवढी वर्सं काय बी विचारलं न्हाय कुणी. आन् विचाराय आलासा तर ती न्हाय."

तो रडायला लागला. साक्ष घरी घ्यायचा अर्ज कोर्टात पडून होता तो पडूनच होता. कधी इकडच्या वकिलांनी मुदत मागितली, कधी तिकडच्या. तेवढ्यात म्हातारी मरून गेली.

"मग उचगावात कॉटवर कोण बसली होती?"

मामानं डोळे पुसले आणि मान हलवली. "ते मला इचारू नगा. अनुनं सांगितलं न्हाय आन् मी इचारलं न्हाय."

५

अहवालाची तारीख जवळ आली. 'अज्ञात बाई' असं लिहून मोकळं व्हायचं, असं संघप्रियानं ठरवलं होतं. त्या दिवशी ती दुसऱ्याच कामासाठी कोर्टात बसली होती. समोर पोटगीचं प्रकरण चाललं होतं. नवऱ्यानं मारून हाकललेली बाई साक्षीला उभी होती. कपाळावर टाक्यांची खूण, समोर तोच नवरा.

"नवऱ्याचं नाव सांगा," तिचा वकील म्हणाला.

बाई गप्प.

"अहो, नाव सांगा."

बाईनं खाली बघत शेजारच्या पोलीस बाईंना काहीतरी खुणावलं. "तुमीच सांगा की त्यास्नी." कोर्टात हशा पिकला. नवराही हसला. ज्यानं डोकं फोडलं त्याच्यावर दावा लावून उभी राहिलेली बाई त्याचं नाव घ्यायला लाजत होती. रागाचा आणि नावाचा काही संबंधच नव्हता.

संघप्रिया हसली नाही. ती बाकावरच खिळून राहिली.

तिच्या लक्षात हे यायला हवं होतं. आलं नाही, कारण तिच्या घरात ही रीत नव्हती. आजी सोनूबाई बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आली त्या दिवशी तिनं आजोबांना पहिल्यांदा त्यांच्या पाळण्यातल्या नावानं हाक मारली, 'भाऊसो, जेवायला चला', आणि तेव्हापासून घरातली प्रत्येक बाई नवऱ्याला नावानंच हाक मारत आली. संघप्रियाला त्यात काही विशेष वाटत नसे. म्हणून उचगावच्या त्या म्हातारीनं 'पिराजी' म्हटलं तेव्हा तिला ते खटकलं नाही.

खटकायला हवं होतं. बायडाबाईच्या वयाची खेड्यातली बाई नवऱ्याचं नाव असं फटकन घेत नाही. ते नाव तिच्या नवऱ्याचं नव्हतं म्हणूनच तिला घेता आलं. आणि जे नाव तिच्या जिभेवर येईना, ते दुसरंच होतं. तीनदा विचारलं, तरी आलं नाही. त्यात राग नव्हताच. मनगटावरचा तो फिकट पट्टा बांगड्यांचा होता. विधवेच्या हातावर तो कुठून येणार? ती नवरा जिवंत असलेली बाई होती. साक्षीपुरत्या बांगड्या उतरवून आली होती. आणि सोप्यातली भुई सारवायचं काम त्या घरात कोणाकडं असेल? थोरली औषधाला शहरात गेलेली. मग धाकटी जाऊच मागं राहिली असणार.

'घरात दुसरं कोण होतं?' 'कोण न्हाय.' सयाजी तेव्हा खोटं बोलत नव्हता. घरातच असलेली स्वतःची बायको त्यानं माणसांत धरलीच नव्हती.

६

वारणानगरात कॉलन्यांच्या मागं पत्र्याची एक खोली होती; सयाजीच्या बायकोचं नाव विचारत विचारत संघप्रिया तिथं पोचली. आत चूल पेटलेली, भाकरींची चळत. भाकरी थापणाऱ्या म्हातारीनं वर बघितलं आणि तिचे हात थांबले. या वेळी काळा चष्मा नव्हता. कपाळ मोकळं होतं, मनगटंही.

"तानाबाई," संघप्रिया म्हणाली, "मी आत येऊ?"

"या. तुमी येणार ठावं हुतं मला." तिनं पाट सरकवला. "अनुला काय करू नगा. माझ्या डोक्यातनं निघालं ते. थोरली गेली, पोरगी माझ्याकडं येऊन ऊर फुटंस्तोवर रडली. म्हणाली, काकू, आता घर गेलं. मला रहावंना."

"पण तुम्ही स्वतः पाहिलं होतं ना? गुलाल, शब्द, सगळं?"

"डोळ्यानं. भांडीच घासत हुतो दारात."

"मग तुम्ही तुमच्या नावानं यायचं होतं!" संघप्रियाचा आवाज चढला. तिला स्वतःलाच आवरेना. "तुमची साक्ष चालली असती. बायडाबाईंच्या साक्षीपेक्षा भक्कम ठरली असती, त्या तर घरात नव्हत्या. एवढंच करायचं होतं. एवढंच!"

तानाबाईनं भाकरी उलटली. "माझ्या नावानं? त्यांच्या इरुद्ध?" तिला तो विचारच कळला नाही. "त्यांनी मला टाकलं. का, तर 'दादाला दिल्याला शब्द पाळा' म्हणालो म्हणून. पर मी त्यास्नी न्हाय टाकलं. मी कशी उभी राहू त्यांच्यासमोर? थोरलीच्या नावानं बोललं तर ती बोलली, असं झालं. मी काय न्हाय बोललो."

"आणि नाव का नाही घेतलंत? तिथंच अडकलात."

"अनुनं लई घोकून घेतलं माझ्याकडनं. बांगड्या काढल्या. कुकू पुसलं. त्येवढं केलं, बाई. जिभंला कोण सांगणार?" ती चुलीकडं बघत राहिली. "त्या दिसापासनं कुकू लावाय हात होत न्हाय. जित्या माणसाचं पुसलं मी."

चौकशी संपली होती, कोडं सुटलं होतं आणि संघप्रियाला त्याचा जराही आनंद नव्हता. या बाईनं एक शब्द खोटा सांगितला नव्हता. खोटी होती ती फक्त पहिली ओळ.

"मी अहवालात खरं लिहिणार आहे," ती शेवटी म्हणाली. "तुमची ती साक्ष रद्द होईल. पण कोर्टाला वाटलं तर कोर्ट स्वतः तुम्हाला बोलावू शकतं. बोलावलं, तर याल? तानाबाई म्हणून?"

तानाबाईचं तव्याकडं लक्ष राहिलं नाही. तव्यावरची भाकरी करपली. "अनुसाठी?"

"अनुसाठी."

"येतो."

७

न्यायाधीश भला माणूस होता. त्यांनी अहवाल वाचला, साक्ष रद्द केली, खोट्या नावानं साक्ष दिल्याबद्दल वेगळी नोटीस काढली. बायडाबाईच्या जागी वारस म्हणून अनुजाला घेतलं. आणि म्हणाले, "ही तानाबाई जर खरंच तिथं हजर होती, तर मला तिचं ऐकायचं आहे." समन्स निघालं. अनुजा त्या दिवशी संघप्रियाच्या पाया पडायला आली. संघप्रियानं तिला उठवलं. तिला पहिल्यांदा आशा वाटायला लागली होती.

अहवालाची प्रत दोन्ही बाजूंना मिळते, हे संघप्रियाला माहीत होतं. त्याचा अर्थ मात्र तिला तारखेच्या दिवशी कळला.

तानाबाई अनुजाचा हात धरून व्हरांड्यात बसली होती. कपाळावर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. कोर्टात जायचं तर सवाष्ण म्हणूनच, असं तिनं ठरवलं असावं. तेवढ्यात जिन्यावरून सयाजी आला. अनुजा ताठ झाली. संघप्रियाला वाटलं, आता हा दम देणार, ओरडणार. तसं काही झालं तर पोलिसांना हाक मारायच्या तयारीत ती पुढं सरकली.

सयाजी ओरडला नाही. तो तानाबाईसमोर येऊन उभा राहिला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "ताने, घरला चल. लई वर्सं झाली."

तानाबाईनं मान वर केली. एवढ्या वर्षांत तिला ती हाक कोणी मारली नव्हती.

"तानाबाई, अजून पुकारा व्हायचाय," संघप्रिया म्हणाली. "दहा मिनिटं. फक्त दहा मिनिटं थांबा."

"बाई," तानाबाई म्हणाली, "ह्यांनी बोलावलंय." जणू यापुढं काही सांगायची गरजच नव्हती. तिनं अनुजाच्या हातातून आपला हात हळूच सोडवून घेतला.

"काकू!" अनुजा एकदाच ओरडली.

तानाबाईनं वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण पाय थांबले नाहीत. सयाजीच्या मागं चार पावलांचं अंतर ठेवून ती जिना उतरून गेली. आत पट्टेवाला पुकारत होता, "तानाबाई सयाजी पोवार, हाजिर..." तीनदा पुकारलं. कोणी ओ दिली नाही.

कृष्णात वकिलांनी या वेळी मात्र जोर लावला आणि वॉरंट काढायला लावलं. पुढच्या तारखेला तानाबाई आली ती सयाजीच्या गाडीतून. अंगावर नवं लुगडं होतं. सयाजी समोरच्या बाकावर बसला. न्यायाधीशांनी स्वतः विचारलं, गुलालाचं काय झालं, शब्द दिला होता का. तानाबाईनं पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरला होता.

"मला काय ठावं न्हाय," ती म्हणाली.

"घाबरू नका. पुन्हा विचारतो."

"मी तिथं न्हवतो."

संघप्रिया मागच्या बाकावर होती. ही बाई दुसऱ्याच्या नावानं बोलली तेव्हा सगळं खरं बोलली होती, आणि ते खोडलं गेलं. आज ती स्वतःच्या नावानं उभी होती आणि टंकलेखक तिचं प्रत्येक वाक्य उतरवून घेत होता. संघप्रियाला जाणवलं की हे आपल्या अहवालानं झालं. त्या म्हातारीत सयाजीला हरवण्याची ताकद आहे, हे त्याला स्वतःला ठाऊक नव्हतं. ते संघप्रियानं त्याला शोधून दिलं होतं, कारणांसहित, नीट समजावून.

पुढं दोन तारखांत दावा फेटाळला गेला.

निकालाच्या दिवशी अनुजा व्हरांड्यात उभी होती. इंगवले शेजारून गेले, त्यांनीसुद्धा नजर चुकवली. सयाजी आला नव्हता; त्याला यायची गरज नव्हती. अनुजाला आत काय वाचलं ते इंग्रजीतलं काही कळलं नसावं. लहानपणापासून ती आईबरोबर इथं येत होती आणि दर वेळी परत जाताना विचारायचं ते तिनं आताही विचारलं.

"ताई, पुढची तारीख कवाची दिली?"

संघप्रियानं अनुजाच्या खांद्यावर हात ठेवला आणि नकारार्थी मान हलवली. अनुजा तिच्या तोंडाकडं बघत तारखेची वाट बघत राहिली.